उजव्या हौदातली झोप

१

बुधवारी सकाळी अकराला फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात भाजणीत होते. फोन कोपराने उचलता येतो, पण परत ठेवता येत नाही. त्यामुळे पुढची दहा मिनिटं मी डॉक्टर मॅक्ब्राइडना कान आणि खांदा यांच्यामधे धरून उभी राहिले.

"काल ऑपरेशनच्या टेबलावर चार उंदीर वेळेआधी जागे झाले," त्या म्हणाल्या. "झोपेचं इंजेक्शन दुसऱ्यांदा द्यावं लागलं. ते सोसलं नाही म्हणून दोन गेले. दिगंबर म्हणतायत की बाटलीतलं औषध कुणीतरी चोरलं आणि वर पाणी भरलं."

"त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"एकच किल्ली आहे. नीलाकडे."

मी भाजणीचे हात पातेल्यावर झटकले. थालीपिठं आता संध्याकाळवर गेली हे मला तेव्हाच कळलं.

मी यात कशी आले ते आधी सांगायला हवं. मी सुनेत्रा. वय अठ्ठेचाळीस, शिक्षण मॅट्रिक, आणि त्यापुढे डब्लिनच्या पब्लिक लायब्ररीतली जेवढी कपाटं हाताला लागली तेवढी. गावाचं नाव डब्लिन असलं तरी हे ओहायोतलं. आम्ही इथे एकोणीस वर्षं आहोत. दोन वर्षांपूर्वी, पंच्याऐंशी साली, सरकारने नियम केला की जिथे प्राण्यांवर संशोधन चालतं तिथे त्यांच्या देखभालीची कमिटी हवी, आणि त्या कमिटीत एक तरी माणूस पूर्णपणे बाहेरचा हवा. डॉक्टर मॅक्ब्राइड त्या संस्थेतल्या प्राण्यांच्या डॉक्टर आणि कमिटीच्या अध्यक्ष. लायब्ररीत मी व्हॉलंटिअर म्हणून पुस्तकं लावते. तिथे त्या विणकामाचं पुस्तक शोधायला आल्या आणि मी त्यांना एवढे प्रश्न विचारले की पुस्तकाऐवजी मलाच घेऊन गेल्या.

नीला बोकारे ही नागपूरची, पंचवीस वर्षांची, डॉक्टर दिगंबर हुपरीकरांकडे पीएचडी करणारी मुलगी. लोक वर्षानुवर्षं उंदरांना एकेकट्या पिंजऱ्यात ठेवत आलेत, ते चार-आठ जण एकत्र राहिले तर सुखात राहतील आणि संशोधनही बिघडणार नाही, असं तिचं म्हणणं. जानेवारीत कमिटीने तिला दोन मोठे प्लास्टिकचे हौद लावू दिले. एक डावा, एक उजवा, प्रत्येकात आठ उंदीर. विरोधात एकच मत पडलं होतं, तिच्या सरांचं.

"शुक्रवारी दहाला मीटिंग आहे," डॉक्टर मॅक्ब्राइड म्हणाल्या. "दिगंबर दोन ठराव आणतायत. हौद बंद करायचे आणि नीलाला प्रोजेक्टवरून काढायचं. बाटली तपासायला पाठवली आहे, पण रिपोर्टला तीन आठवडे लागतील."

प्रोजेक्ट गेला की स्टायपेंड जाणार, तो गेला की व्हिसा जाणार. रिपोर्ट येईल तेव्हा नीला नागपूरच्या विमानतळावर सामानाची वाट बघत असेल.

"तिथे सगळे एकमेकांचे नोकर किंवा विद्यार्थी आहेत," त्या म्हणाल्या. "तू कुणाचीच नाहीस. विचारून बघशील?"

२

प्रसन्न मला कॅफेटेरियात भेटला. हाही हुपरीकरांचाच विद्यार्थी, अठ्ठावीस वर्षांचा, पुण्याचा. काल ऑपरेशनं त्याने केली होती. समोरची कॉफी त्याने नुसती ढवळून गार केली होती.

"काकू, मी डोस चुकवला नाही."

"मी म्हटलंच नाही तसं."

"सगळे म्हणणार आहेत. मी वजन दोनदा केलं, डोस दोनदा काढला. हे औषध दिलं की उंदीर दीड तास झोपतो, घड्याळ लावून घ्यावं असं. हे चार पस्तीस-चाळीस मिनिटांत हलायला लागले. मी टाके घालत होतो. झोप पुरती आहे का ते पाय चिमटून बघायचं असतं, तो चिमटला आणि त्याने ओढून घेतला." त्याने कॉफी पुन्हा ढवळली. "मी थांबलो लगेच. पुन्हा डोस दिला. सात आणि बारा नंबर उठलेच नाहीत. दोनशे ऑपरेशनं केलीयत मी, यार... सॉरी, काकू."

"यार चालेल. एक सांग, कुठला उंदीर कुठे राहणारा ते तुला माहीत होतं?"

"नाही ना. तीच तर गंमत होती. बारा उंदीर, चार जुन्या पिंजऱ्यातले, चार डाव्या हौदातले, चार उजव्या. पण मला फक्त नंबर. कोण कुठला हे नीलाकडच्या कागदावर. मला कळलं असतं तर माझा हात नकळत इकडेतिकडे झाला असता, म्हणून. आणि कुणाला आधी घ्यायचं ते तिने चिठ्ठ्या टाकून ठरवलं."

"मग ऑपरेशनं झाल्यावर तुझा कागद आणि तिचा कागद शेजारी ठेवून बघितलात?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "सर आले, बाटलीबद्दल बोलले. नीलाला वाटलं की मीच सरांच्या कानात सांगितलं. मला वाटलं की तिने किल्ली उघड्यावर ठेवली कुठेतरी. बोलत नाही आम्ही कालपासून."

"मला तुझा कागद दे."

"झेरॉक्स चालेल?"

तेवढ्यात डॉक्टर हुपरीकर आमच्या टेबलाशी आले. छप्पन वर्षांचा उंच माणूस, टाय कायम सरळ, डाव्या अंगठ्यावर जुना व्रण. चौसष्ट साली अमेरिकेत आलेले. इथल्या कोलंबस शहराच्या आसपासच्या निम्म्या मराठी घरांनी पहिली रात्र त्यांच्याच सोफ्यावर काढलेली. आम्हीही.

"वहिनी, तुम्हाला कशाला या भानगडीत ओढलं?"

"ओढलं नाही, नियमात बसवलंय मला. तुम्हीच हात वर केला होतात माझ्या नावाला."

"तो केला होता. हौदांना नव्हता केला." ते हसले नाहीत. "हे बघा, दोनच शक्यता आहेत. एक तर औषधात पाणी आहे, किंवा त्या हौदांनी प्राणी बिघडवलेत. पहिली खरी असेल तर किल्लीवाली जबाबदार, दुसरी खरी असेल तर हौदवाली. दोन्हीकडे एकच मुलगी उभी आहे. मला आनंद होत नाहीये."

आणि ते खरंच होतं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद अजिबात नव्हता. रागावलेल्या माणसाचाही तो चेहरा नव्हता. ते घाबरलेले दिसत होते, आणि कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

३

नीलाला मी घरीच बोलावलं. थालीपीठ खायला घातलं, कारण उपाशी माणूस स्वतःविरुद्ध फार लवकर कबुली देतो.

"काकू, मी पॅकिंग सुरू केलंय," ती म्हणाली. "बाबांना काय सांगू ते ठरवतेय. चोरीचा आळ म्हणू की उंदीर मेले म्हणू?"

"आधी लोणचं घे. किल्ली कुठे असते तुझी?"

तिने गळ्यातली साखळी बाहेर काढली. किल्ली तिथे, छोट्या गणपतीच्या शेजारी. "आंघोळीलाही काढत नाही. म्हणजे चोर असेन तर मीच. दुसरं कोणी शक्यच नाही. सरांना मी हेच सांगितलं आणि ते म्हणाले, देन यू हॅव आन्सर्ड इट."

"शहाणीच आहेस. कागद आणलास?"

माझी मुलगी कांचन सोळा वर्षांची. ती फ्रिजपाशी उभी राहून दूध पीत म्हणाली, "मॉम इज डूइंग अ मर्डर."

"दोन," मी म्हटलं. "तू अभ्यास कर."

ताटं सरकवून मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. प्रसन्नच्या कागदावर उंदरांचे नंबर, ऑपरेशनचा क्रम आणि झोपेची मिनिटं. नीलाच्या कागदावर तेच नंबर आणि त्यांची घरं. या दोन कागदांनी अख्खा दिवस एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांच्या मालकांसारखंच.

"क्रम बघ," मी म्हटलं. "लवकर जागे झालेले चार कितव्या पाळीचे?"

नीलाने बोट फिरवलं. "दुसरा, पाचवा, सहावा, अकरावा."

"बाटली एकच होती?"

"एकच."

"मग पहिला दीड तास झोपला, दुसरा चाळीस मिनिटं, तिसरा आणि चौथा पुन्हा दीड तास. पाण्याला असं येता-जाता येत नाही. पाणी असतं तर बाराही जण उठले असते. बाटलीत काही नाही, नीला. पॅकिंग अर्ध्यावर थांबव."

तिने एक मोठा श्वास सोडला आणि लगेच पुढचा अर्धा आत ओढला. "म्हणजे मग हौद."

"वाच ना पुढे. ते चौघे राहायला कुठे?"

"तीन नंबर उजवा. सात... उजवा. आठ उजवा. बारा उजवा." तिने मान वर केली. "आणि डावा हौद?"

"डाव्यातले चारही जण पिंजऱ्यातल्यांसारखे नव्वद मिनिटं झोपले. एकत्र राहून झोप उडत असती तर त्यांचीही उडाली असती. तुझ्या हौदांचा दोष नाही. एका हौदाचा आहे." मी तिच्या ताटात आणखी एक थालीपीठ टाकलं. "आता मला सांग, उजव्यात असं काय आहे जे डाव्यात नाही?"

नीलाने हौद आठवायला डोळे मिटले. मग म्हणाली, "तीन घरं."

४

गुरुवारी सकाळी मी अंगात निळा झगा आणि पायात कागदी मोजे घालून प्राण्यांच्या खोलीत गेले. मोज्यांवर कितीही काळजीपूर्वक चाललं तरी आपण बदकासारखे दिसतो, ही गोष्ट तिथल्या सगळ्यांनी स्वीकारलेली आहे.

भिंतीला टेकून जुने पिंजरे. प्रत्येकात एक पांढरा उंदीर, पाय जाळीवर. त्यांच्याकडे बघून मला नेहमी वाटतं की कुणीतरी यांना बसायला सांगून विसरून गेलंय. डाव्या हौदात प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे आणि कागदाचे कपटे. चारही उरलेले उंदीर एकाच पाइपमधे, एकाचं तोंड दुसऱ्याच्या पोटाखाली, अशी मोळी होऊन झोपलेले. उजव्या हौदात तेच पाइप, तेच कपटे, आणि तीन लाकडी घरं.

घरं म्हणजे देखणी होती. तांबूस लाकूड, कोपरे गोल घासलेले, दाराचं भोक अगदी उंदराच्या अंगाएवढं, आणि एकही खिळा नाही. एक फळी दुसरीत बसवलेली. उंदराच्या दाताला लोखंड लागू नये इतका विचार केलेला माणूस कोण?

"हेझल, ही घरं कुठून आली?"

हेझल तिथे तीस वर्षं पिंजरे धुते. साठीची, रुंद, हळू बोलणारी. तिने बादली खाली ठेवली.

"नीलाने आणली असं सांगितलं असतं मी तुला, हनी. मला तसंच वाटत होतं. पण आज सकाळी ती मला विचारते, तू आणलीस का."

"आणि तू नाही आणलीस."

"जानेवारीअखेर एका सोमवारी दाराशी खोकं होतं. वर टाइप केलेला कागद, उंदरांसाठी. बस. मी वाफेच्या भट्टीतून काढली, नियमाप्रमाणे. तीनच होती म्हणून एकाच हौदात ठेवली, अर्धी इकडे अर्धी तिकडे कशी करणार. मला वाटलं नीलाने मागवली. तिला वाटलं मी. लिहून कुणीच ठेवलं नाही." ती बादलीकडे बघत म्हणाली, "लिहायला हवं होतं. नीला खोलीत आली की त्या घरांपाशी किती वेळ बसायची. म्हणून विचारावंसं वाटलं नाही मला."

मी हौदात वाकले. उंदरांच्या वासाखाली आणखी एक वास होता. गोडसर, कोरडा. तो मला इतका ओळखीचा होता की आधी वाटलं, माझ्याच अंगाला येतोय.

आणि तो खरंच माझ्या अंगाला येत होता. स्वेटरला.

५

आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक कपाट आहे, आतून लाल सीडरच्या फळ्या लावलेलं. सीडर म्हणजे इथला देवदार समजा. घर विकणाऱ्या बाईने ते उघडून दाखवलं होतं आणि सांगितलं होतं की या लाकडाच्या वासाने लोकरीला कसर लागत नाही. माझ्या शाली, पैठण्या, सगळ्यांचे स्वेटर त्यातच. एकोणीस वर्षं आम्ही त्या वासाचं कौतुक करतोय. कसरीला कुणी विचारलं नव्हतं.

जो वास किड्याला पळवून लावतो, त्यात नाक खुपसून सात-आठ आठवडे झोपलं तर काय होतं?

मी हेझलकडून एक घर मागून घेतलं आणि डॉक्टर मॅक्ब्राइडच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं, हुंगलं, आणि पुन्हा एकदा हुंगलं.

"उंदरांखाली अंथरायचा सीडरचा भुसा मी या इमारतीत बारा वर्षांपूर्वी बंद केला," त्या म्हणाल्या. "त्याच्या वासातलं तेल उंदराच्या अंगात गेलं की त्याचं लिव्हर दुप्पट कामाला लागतं. झोपेचं औषध आलं की लगेच मोडून टाकतं. झोप अर्ध्यावर येते. वीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय हे. भुशाच्या पोत्यावर माझं लक्ष होतं. पण घराच्या फळ्या म्हणजे न किसलेला भुसाच की, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही."

"म्हणजे चोरी नाही, हौदही नाही. लाकूड."

"लाकूड. पण उद्या कमिटी विचारणार, हे आणलं कुणी? उत्तर नसेल तर दिगंबर म्हणतील की नीलाच्या प्रयोगात नीलानेच आणलं आणि लपवलं. आणि त्यांना खोटं ठरवायला माझ्याकडे काही नाही."

मी घर पर्समधे घालून घरी आणलं. दुपारच्या उन्हात खिडकीशी उलटं केलं. वाफेने फिकी झालेली पेन्सिल दिसली. एका फळीवर सातचा आकडा, आपला, देवनागरी, आणि त्याच्यापुढे दोन उभ्या रेघा. दुसरीवर पाच आणि एक रेघ.

"कांचन, हे वाचता येतंय तुला?"

तिने डोळे बारीक केले. "इज दॅट म्युझिक?"

माझे यजमान पुरुषोत्तम सर्दीमुळे घरी होते. पेपरच्या मागून त्यांनी फक्त एक डोळा बाहेर काढला. "साडेसात. आणि हे सव्वापाच. इंच असणार."

"आता असं कोण लिहितं हो?"

"आता कोणी नाही. आम्ही लिहायचो, दशांश यायच्या आधी. पावकी-निमकी घोकलेले लोक."

मी दोन फोन केले. नीलाला विचारलं, साडेसात इंच कागदावर कसं लिहिशील? "सात पॉइंट पाच," ती म्हणाली, "का?" प्रसन्नला विचारलं. "सेव्हन अँड अ हाफ, अमेरिकन टेप असेल तर. काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?"

दोघेही दशांशावर वाढलेली मुलं. एका रेघेने पाव आणि दोन रेघांनी अर्धा लिहिणारे त्या इमारतीत येणारे-जाणारे दोनच. त्यातली एक मी, आणि मला सुतारकाम येत नाही. दुसरा माणूस दर वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं मखर एकही खिळा न मारता करतो.

६

हुपरीकरांच्या घरी वीणावहिनींनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून चहाचं विचारलंच नाही. "गॅरेजमधे आहेत," त्या म्हणाल्या. "सुट्टी टाकून सकाळपासून गॅरेजमधेच आहेत."

डॉक्टर हुपरीकर स्टुलावर बसले होते. भिंतीशी तांबूस फळ्यांचे उरलेले तुकडे नीट रचलेले. मी काही न बोलता पर्समधून घर काढून त्यांच्या समोर ठेवलं.

"छान बांधलंय," मी म्हटलं.

त्यांनी ते नाकारलं नाही, मला त्याचं बरं वाटलं. "मुलांची खोली मोडून वीणासाठी अभ्यासिका केली. तिथल्या कपाटाच्या फळ्या निघाल्या. एवढं चांगलं लाकूड, टाकवेना. सगळ्यात चांगलं होतं ते दिलं मी."

"मत विरोधात दिल्यावर?"

"मत दिल्यावर दहा दिवसांनी." ते त्या भोकाच्या कडेवर बोट फिरवत होते. "हौद लागले, मी चुका काढायला गेलो होतो. ते आठ जण एका कोपऱ्यात झोपलेले, एकावर एक. चांगली जागा मोकळी सोडून. वहिनी, बावीस वर्षं मी त्यांना एकेकटं ठेवलं. मला वाटायचं त्यांना तसंच आवडतं. विचारलं कुणी होतं?"

"मग मीटिंगमधे का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? माझ्या बावीस वर्षांच्या पेपरांतले सगळे उंदीर एकेकटे होते. मी म्हटलं असतं हे चुकलं, तर लोक विचारतील, मग त्या आकड्यांचं काय? नीलाचं वय पंचवीस. ती चुकली तरी तिला वेळ आहे."

"चुकली नाहीये ती. म्हणूनच मी आलेय." मी त्यांना दोन कागदांचं सांगितलं. चार नंबर, एकच हौद. मग म्हटलं, "हे लाकूड सीडर आहे."

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू खाली उतरत गेलं, आणि मला कळलं की कालचं घाबरणं ते हेच होतं, नाव न मिळालेलं.

"भुसा," ते म्हणाले. "लिव्हर. मी शिकवतो हे. दर सप्टेंबरला, तिसऱ्या लेक्चरला. स्लाइड आहे माझी." त्यांनी हातातलं घर खाली ठेवलं, अगदी अलगद. "सात आणि बारा मी मारले."

"ते आता होऊन गेलं. नीलाचं अजून व्हायचंय. उद्या दहाला."

"तुम्ही सांगणार?"

"लाकडाचं मी सांगणार. ते कुणी आणलं हे मी सांगितलं तर ती चहाडी होईल. पण साडेबारा वाजेपर्यंत कुणीच सांगितलं नाही तर मी चहाडी करणार, भाऊजी. माझं शिक्षण मॅट्रिक आहे, मला लाज कमी आहे."

त्यांनी ते घर उचलून माझ्या हातात परत दिलं. परत जाताना गाडीत मला पहिल्यांदा भीती वाटली. माणूस चांगला आहे हे मला माहीत होतं. चांगली माणसंही मीटिंगमधे गप्प बसतात, हेही माहीत होतं.

७

मीटिंगला सात जण होतो. नीला आणि प्रसन्न भिंतीशी खुर्च्यांवर. मधे एक खुर्ची रिकामी. हेझललाही बोलावलं होतं, ती हात मांडीवर ठेवून बसलेली.

मी उभी राहून सांगितलं. इंग्रजी माझं चालतं तसं चालतं, पण तीन वाक्यांना ते पुरतं. बाटली एक होती आणि जागे होणारे मधे मधे विखुरलेले होते, म्हणून औषधात पाणी नव्हतं. डाव्या हौदातले पुरते झोपले, म्हणून एकत्र राहण्याचा दोष नव्हता. उजव्या हौदात फक्त ही घरं वेगळी होती, आणि ही घरं सीडरची आहेत. मग ते घर मी टेबलावर ठेवलं. डॉक्टर मॅक्ब्राइडनी लिव्हरचं समजावलं. सगळ्यांनी घर हुंगलं, एकाने दोनदा.

"हे प्रयोगात आणलं कुणी?" टेबलाच्या त्या टोकाच्या एका डॉक्टरने विचारलं. तो नीलाकडे बघत होता. "तुझ्या कागदपत्रांत याची नोंद नाही."

"नाही," नीला म्हणाली. "मी बघितली आणि लिहिली नाहीत. ती चूक माझी."

"म्हणजे आणली तूच?"

हेझलने तोंड उघडलं आणि मिटलं. घड्याळात साडेदहाही वाजले नव्हते, आणि मी बारा वाजून तीस मिनिटांची वाट बघणार नाही हे मला तेव्हाच कळून चुकलं. मी खुर्ची मागे सरकवली.

"मी," डॉक्टर हुपरीकर म्हणाले.

ते उभे राहिले नाहीत. बसल्या बसल्याच बोलले, टेबलाकडे बघत, आधी हळू आणि मग त्यांच्या वर्गातल्या आवाजात. फळ्या कुठल्या, खोकं कुठे ठेवलं, कागद का टाइप केला. "हस्ताक्षर ओळखलं जाईल म्हणून," ते म्हणाले. "मी या हौदांच्या विरोधात मत दिलं होतं आणि मला ते मत परत घ्यायचं धाडस झालं नाही. म्हणून मी चोरून घरं दिली. आणि ज्या लाकडाबद्दल मी मुलांना शिकवतो, तेच दिलं. दोन उंदीर त्याने गेले आणि आळ मी या मुलीवर घेतला. माझे दोन्ही ठराव मी मागे घेतो. तिसरा मांडतो. हौद चालू राहावेत, आणि यापुढे आत जाणारी प्रत्येक वस्तू लिहून जावी. माझीसुद्धा."

सात हात वर झाले. माझा जरा उशिरा, कारण मी रुमाल शोधत होते.

प्रसन्नने रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती, ती उचलून खाली ठेवली आणि नीलाच्या शेजारी सरकला. "सॉरी यार," तो म्हणाला. ती म्हणाली, "तुझा झेरॉक्स वाचता येत नाही." तेवढंच.

डॉक्टर हुपरीकर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. माफी मागितली, मराठीत, सगळ्यांसमोर. नीलाने ऐकून घेतली. "सर, मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली.

"असायलाच हवीस."

"मी तीन दिवस बाबांना फोन केला नाही."

"मी करतो."

"नको. तुम्ही केलात तर ते घाबरतील."

ते मान हलवून दारापर्यंत गेले, आणि तिथून परत आले. आता ते प्राध्यापक नव्हते. कचेरीत खिडकीसमोर उभा राहिलेला माणूस होते. "माझे चोवीस उंदीर पिंजऱ्यात आहेत. पुढच्या प्रयोगासाठी. त्यांना हौदात हलवायचं म्हटलं तर..."

नीलाने पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. जानेवारीत असाच फॉर्म तिने स्वतः भरला होता, आणि सरांनी त्यावर अकरा आक्षेप लिहून परत पाठवला होता.

"दोन प्रती लागतात," ती म्हणाली. "आणि आत काय काय ठेवणार ते सविस्तर लिहा, सर. अपुरा असेल तर परत करीन."

डॉक्टर हुपरीकरांनी तिथेच, प्रसन्नच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसून, खिशातून पेन काढलं आणि पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहायला घेतलं.